हौदामागचं अनोळखी तण

२ मार्च, रविवार

झालो! कुरणप्रमुख झालो. एकमताने. माझ्याशिवाय कुणी उभंच राहिलं नाही ही गोष्ट वेगळी, पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या.

निवृत्तीनंतर माणसाने कुठेतरी उपयोगी पडावं म्हणून मी अश्वमंडळाचा सभासद झालो, त्याला आता वर्ष होईल. घोड्यावर अजून बसलेलो नाही. घाई नाही. कारभाराला खोगीर लागत नाही.

अध्यक्षांनी कुरणात फिरवलं. लांबून हिरवंगार. जवळ गेलं की कळतं, गवत कमी आणि बाकीची मंडळीच जास्त. काटेमाठ, गोखरू, जमिनीला चिकटून पसरणारी जाड पानं. आणि ती पिवळ्या फुलांची उंच जात, जी घोड्याचं यकृत हळूहळू निकामी करते. घोडे गवत तेवढं निवडून खातात, तण सोडतात. मग तणाला रान मोकळं! बत्तीस वर्षं सरकारी खात्यात काढली, हे चित्र ओळखीचं आहे. कामाची माणसं संपतात आणि बिनकामाची फोफावतात.

घरी येऊन हिला सांगितलं. "बरं झालं," म्हणाली. "आता घरातली कपाटं सुटतील."

निवृत्त झाल्यावर मी स्वयंपाकघरातले डबे विषयवार लावले होते. तो राग अजून आहे.

५ मार्च

मंडळाच्या वाचनालयात तणांवरचं एक पुस्तक मिळालं. चित्रांसकट. दोन दिवसांत संपवलं. सगळा मथितार्थ असा – अरुंद पान ते आपलं, रुंद पान ते परकं. तणनाशकही असंच निवडून मारणारं मिळतं. गवताला हात लावत नाही, रुंद पानाला सोडत नाही. असं औषध आमच्या खात्यात असतं तर!

कुरणाच्या फाटकावर पाटी लावली – 'येथे फक्त गवत उगवेल.' खाली माझी सही. घोडे सांभाळणारा मोतद्दार म्हणाला, घोड्यांना वाचता येत नाही. तणांनाही येत नाही हे मी त्याला सांगितलं नाही.

८ मार्च

शेतीच्या औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदार मोठा बोलघेवडा. हातमोजे घाला, तोंड बांधा, वाऱ्यात फवारू नका, पाण्याच्या हौदापासून लांब राहा. सगळं लिहून घेतलं. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला. वार्षिक सभेत कुरणावर माझं भाषण ठेवायचं म्हणतात! मी बोलत असताना दुकानदार समोरून लीद, लीद असं काहीतरी म्हणत होता. दोनदा म्हणाला. घोडे म्हटले की लीद आलीच, त्यात सांगण्यासारखं काय? मान हलवली आणि डबे उचलून निघालो.

९ मार्च, रविवार

मोहीम फत्ते! पहाटे वारा पडलेला असताना सुरुवात केली. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, डोक्याला कापडी टोपी. हिने फाटकातून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. कौतुक असावं.

सगळं कुरण फवारलं. फक्त हौदाच्या मागची ओली पट्टी सोडावी लागली, पाणी जवळ म्हणून. नियम म्हणजे नियम. पण तिथल्या तणांना आयता आसरा मिळाला याचं वाईट वाटतं.

१० मार्च

पाठ धरली.

१३ मार्च

तणांनी माना टाकल्या. काय ते दृश्य! पानं पिळवटलेली, दांडे वाकडेतिकडे. दिवसभर पाहत उभा होतो.

घोड्यांची डॉक्टरीण आली होती. तिने एक भलतीच गोष्ट सांगितली. फवारलेलं तण सुकायला लागलं की गोड होतं म्हणे. एरवी घोडा ज्याला तोंड लावत नाही तेच तो मग आवडीने खातो, आणि विष तर त्यात तसंच असतं. तण पूर्ण वाळून मातीला मिळेपर्यंत एकही घोडा आत सोडायचा नाही, असं बजावून गेली.

१६ मार्च, रविवार

अध्यक्षांचा घोडा! त्याला आत सोडा म्हणून अध्यक्ष स्वतः आले. दावणीला बांधून घोडा कंटाळलाय, वाळका चारा खाऊन त्याचं तोंड उतरलंय. घोड्याचं तोंड मुळातच उतरलेलं असतं, पण हे त्यांना कोण सांगणार. मी फाटकात खुर्ची टाकून बसलो. म्हणालो, आत जायचं तर माझ्यावरून. अध्यक्ष तणतणत गेले. घोडाही.

ही डबा घेऊन आली. खुर्चीकडे पाहून म्हणाली, "आज पहिल्यांदा तुम्ही कामाचे दिसलात."

ते इथे लिहून ठेवतो.

३० मार्च, रविवार

तण साफ. डॉक्टरीणबाईंनी कुरण पाहून परवानगी दिली. घोडे आत सोडले. म्हातारी पांढरी घोडी सगळ्यात शेवटी गेली, एक एक पाऊल टाकत, सासूबाई देवळात जायच्या तशी. आता नवं गवत दाट येतंय. हिची आणि त्या घोडीची गट्टी आहे. रोज संध्याकाळी भाजीची सालं घेऊन जाते, हौदाशी उभी राहून तिच्याशी बोलते. घरात एवढं बोलत नाही.

६ एप्रिल

मला एक कल्पना सुचली आहे आणि ती उत्तम आहे. तबेल्यामागे लिदीचा ढीग वाढतोय. आपल्या गल्लीत घरोघरी मागे बागा आहेत. तेव्हा 'कुरणातून बागेत' ही योजना! मोतद्दाराची गाडी घेऊन घरोघरी लीद वाटली. शेजारच्या मास्तरांनी टोमॅटोसाठी भरपूर घेतली. टोमॅटो म्हणजे मास्तरांचा जीव. एकाने गुलाबांना घातली. सगळ्यांनी वाकून आभार मानले. खात्यात असताना मला पाहून लोक रस्ता ओलांडायचे!

१५ एप्रिल

आज हिने डबी काढली.

लिहायलाच हवं. सासूबाई गेल्या तेव्हा वाटण्या झाल्या. हिच्या भावांनी घर घेतलं, जमीन घेतली. हिला विचारलं, तुला काय हवं? हिने घेवड्याच्या बियांची डबी मागितली. सासूबाई दरवर्षी लावायच्या, दरवर्षी बी धरायच्या. त्यांच्या आईकडून आलेलं. पांढऱ्या दाण्यावर तांबडे ठिपके. त्यांनी शिजवलेले मी खाल्लेत. चव आठवत नाही, पण दुसऱ्यांदा मागून घेतल्याचं आठवतं.

त्यानंतर आम्ही फ्लॅटमध्ये राहिलो. माती नव्हती. गेल्या वर्षी या घरात आलो तेव्हा पेरणीची वेळ टळून गेली होती. डबीतलं बी जुनं होत चाललंय. यंदा रुजलं तर रुजलं, नाहीतर सासूबाईंचा घेवडा संपला. हिने सगळ्यात चांगला वाफा राखून ठेवलाय. माती चाळणीने चाळली. मला म्हणाली, लीद घातली तेवढी पुरे, आता हात लावू नका.

१६ एप्रिल

ही दुपारी झोपली असताना तिच्या वाफ्यात आणखी दोन टोपल्या लीद मिसळली. चांगली कसदार, कुरणातली, माझ्या हातची. घेवडा जोरात आला की सांगेन. तोवर गुपित.

१८ एप्रिल

हिने पेरलं. प्रत्येक दाणा वेगळा, बोटाने खड्डा करून. मला लांब उभं केलं होतं. मग नेहमीसारखी सालं घेऊन घोडीकडे गेली. आज जरा जास्त वेळ लागला तिला.

२९ एप्रिल

उगवला! जवळजवळ सगळा. ही वाफ्याशी उकिडवी बसून होती. मी चहा करून दिला. साखर विसरलो. तिने तसाच प्यायला.

७ मे

पहिली पानं वळलेली दिसताहेत. पेल्यासारखी आत गोळा झालेली. ऊन असेल. फळीची सावली केली.

११ मे, रविवार

वळताहेत. दांडेही पिळतात. पुस्तकात पाहिलं. माझं पुस्तक तण मारण्याचं आहे, जगवण्यावर त्यात ओळ नाही.

१४ मे

मास्तर कुंपणावरून बोलले. त्यांचे टोमॅटो वाकडे झालेत. पानं नेच्यासारखी बारीक. रोग आला म्हणतात. पलीकडच्या घरातले गुलाबही तसेच. मी मास्तरांना म्हटलं, तुम्ही पाणी जास्त घालता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टोमॅटोच्या बाजूने बोलायला लागलो.

कुरण मात्र फुललंय. गवत गुडघ्याएवढं. अध्यक्षांनी पाठ थोपटली. घोड्याने ढुंकून पाहिलं नाही.

२० मे

हिच्या वाफ्यात एकही सरळ रोप उरलं नाही. आज तिने सगळं उपटलं. मुळं झटकली, एका कोपऱ्यात रास केली. रडली नाही. रडली असती तर काय करायचं ते मला माहीत आहे, पाणी आणून द्यायचं. ही नुसती हात धूत राहिली.

रात्री जेवताना म्हणाली, "बी म्हातारं झालं होतं. मीच उशीर केला. आईची डबी मागून घेतली आणि मी ती कपाटात ठेवली."

मी म्हटलं, तसं काही नाही. पण तसं नाही तर कसं, ते मला सांगता येईना.

२७ मे

सालं कचऱ्यात जातात. ही घोडीकडे जात नाही. घोडी संध्याकाळी हौदाशी येऊन उभी राहते, असं मोतद्दार सांगतो.

१५ जून

कुरणाला पाहुणे येऊ लागले. शेजारच्या मंडळाचे प्रमुख येऊन गेले. मी त्यांना रुंद पानांवर बरंच ऐकवलं. शेवटी त्यांनी घड्याळ पाहिलं. विषयाची गोडी सगळ्यांना नसते.

घरी शुकशुकाट.

२० जुलै, रविवार

सापडलं! हौदामागे, मी न फवारलेल्या पट्टीत, कुंपणाच्या तारेवर एकाच जातीचे पाच-सहा वेल चढलेत. रुंद पान! एका देठावर तीन तीन. लांब चपट्या शेंगा, जांभळट, खालच्या वाळून कडक झालेल्या. पुस्तकात नाही. तीनदा पाहिलं, नाही. घोड्यांच्या तोंडापासून तारेने वाचलेले. कुणी लावल्यासारखे सरळ रांगेत, म्हणजे किती धूर्त जात पाहा!

सगळे मुळासकट उपटले. हलक्या हाताने, शेंग फुटू न देता, कारण असलं बी सांडलं की कुरणाचं वाटोळं. खोगीरखोलीत उलटे टांगून ठेवले. मोतद्दार म्हणाला, साहेब, हे खायचं दिसतंय. मी म्हटलं, तुला सगळंच खायचं दिसतं.

३ ऑगस्ट, रविवार

नमुना छान वाळला. शेंगांसकट काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला, झाकण घट्ट. वर चिठ्ठी डकवली – 'रुंदपानी तण. जात अनोळखी. धोकादायक. बी पसरू देऊ नये. – कुरणप्रमुख.' बरणी मंडळाच्या कचेरीत, दारासमोरच्या फळीवर. सभेत भाषण झाल्यावर अनावरण. अध्यक्ष म्हणाले, तणाला तुमचंच नाव देऊ. मी नको म्हटलं. एकदाच म्हटलं.

८ ऑगस्ट

हे लिहायला बसलो आणि तीनदा उठलो.

पुढच्या फवारणीचं औषध आणायला दुकानात गेलो होतो. दुकानदाराने विचारलं, कुरण कसं आहे. मी वर्णन केलं. मग त्याने विचारलं, लीद कुठे टाकता? मी आपली योजना सांगितली. ऐटीत सांगितली. त्याचा चेहराच बदलला.

"साहेब, मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. तुम्ही फोनवर होतात."

ते औषध गवतात राहतं. घोडा गवत खातो, त्याला काही होत नाही. ते पोटातून तसंच लिदीत उतरतं. लीद बागेत घातली की रुंद पानाचं जे जे असेल ते पिळवटतं. टोमॅटो, गुलाब. घेवडा तर आधी. म्हणून ती लीद कुरणातच पसरायची, बागेत घालायची नाही. त्याला कुणाकुणाला वाटली ते सांगत गेलो. मधेच थांबलो. त्याने पाणी दिलं.

म्हणजे गल्लीतली सगळी रोगराई मीच. घरोघरी, गाडीने, हसतमुखाने पोचवलेली. लोकांनी वाकून आभार मानले होते.

आणि तिच्या वाफ्यात दोन टोपल्या जास्त.

९ ऑगस्ट

सांगितलं नाही. उद्या सांगतो. मास्तरांनी मला त्यांच्या झाडाला लागलेला एकुलता एक टोमॅटो आणून दिला, खताबद्दल आभार म्हणून. लिंबाएवढा. मी तो खाल्ला. कसा गिळला ते माझं मला माहीत.

मला भीती तिच्या रागाची नाही. राग मला ओळखीचा आहे. अडीच महिने ती स्वतःला दोष देत बसली आहे आणि मी समोर बसून जेवतोय, याची लाज वाटते. खात्यात चूक झाली की ती खालच्या टेबलावर सरकवायची पद्धत होती. इथे खाली टेबलच नाही.

१० ऑगस्ट, रविवार

सांगितलं. सगळं. दुकानदाराचा फोन, औषध, लीद. दोन टोपल्याही सांगितल्या.

ती भांडी पुसत होती. पुसायची थांबली. मला वाटलं, आता ताट येणार अंगावर. पण तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"म्हणजे बी जिवंत होतं," म्हणाली.

मी म्हटलं, हो. बी चांगलं होतं. तू उशीर केला नव्हतास.

मग ती रडली. मे महिन्यापासूनचं सगळं. मी पाणी आणलं, ते तिने घेतलं नाही, ठीकच आहे. बऱ्याच वेळाने डोळे पुसून म्हणाली की माणसाने मूर्ख असावं, पण इतकं मन लावून नसावं. मी मान हलवली. या वेळी ऐकून हलवली.

मग एकदम उठली. पायात चपला सरकवल्या. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं, मला ते पाहवेना इतकं चांगलं.

"आई कधी सगळं बी एका जागी लावायची नाही. मी थोडे दाणे तिकडे टोचले होते, घोडीच्या हौदामागे, तारेपाशी. इथलं गेलं तेव्हा वाटलं, तिथलंही गेलं असणार. मी परत बघितलंच नाही हो. चला, चला लवकर."

हौदामागे. तारेपाशी. सरळ रांगेत.

मी उठलो नाही. ती दारात उभी राहून माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, तू बस. मी आणतो.

१० ऑगस्ट, नंतर

बरणी तिच्यासमोर टेबलावर ठेवली. तिने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, शेवटी माझी सहीसुद्धा वाचली. झाकण फिरवलं. एक शेंग काढून अंगठ्याने फोडली. पांढरे दाणे, तांबडे ठिपके. एकही सांडला नव्हता. मीच सांडू दिला नव्हता.

ती हसली. किती दिवसांनी!

मग तिने चिठ्ठी अलगद सोडवली आणि खुंटीवरच्या माझ्या कापडी टोपीला, पुढच्या बाजूला, चिकटवली. म्हणाली, उद्या मास्तरांपासून सुरुवात करून घरोघरी जाऊन सांगायचं, आणि हीच टोपी घालून.

जाईन.